पाहुण्याला चौथं मत

फेब्रुवारीतला पहिला शनिवार, सकाळी साडेदहा. माणशी वीसप्रमाणे शंभर डॉलर जमा. हजर पाच जण: मी, माझी बायको, आमची मुलगी, माझा मित्र आणि त्याची बायको. ठिकाण सिंगापुरातलं आमचं बुकित पंजांगचं घर. वीसची नोट इथे रोजच्या वापरात नसते, म्हणून दहाच्या दहा नोटा साखरेच्या रिकाम्या डब्यात घातल्या, डबा जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला आणि सभा सुरू झाली.

सभा कसली, ते आधी सांगायला हवं. अमेरिकेत जो फुटबॉल खेळतात, त्यातल्या निवृत्त खेळाडूंसाठी तिथे एक हॉल ऑफ फेम आहे. वर्षातून एकदा, अंतिम सामन्याच्या सुमाराला, त्यात कोणाला घेतलं ते जाहीर होतं. आम्ही त्याच सुमाराला आमचं वेगळं मतदान करतो. पाच मतदार, पाचातली चार मतं मिळाली तर उमेदवार आत. ज्याने त्याची बाजू मांडली त्याला डब्यातले पैसे. चार मतं कोणालाच नाही मिळाली, तर पैसे दुपारच्या जेवणात जातात. आतापर्यंत दर वर्षी जेवणातच गेले होते. आमच्या हॉलमध्ये कोणीच नव्हतं.

हा खेळ मी शिकलो कंपनीने काही वर्षं तिकडे पाठवलं होतं तेव्हा. सोमवारी सकाळी आदल्या दिवशीच्या सामन्यावर बोलून झाल्याशिवाय ऑफिसात कोणी काम सुरू करत नसे. त्या गप्पांत बसायचं म्हणून मी आधी आकडे पाठ केले, खेळ नंतर समजला. माझा मित्र जहाजावर चीफ इंजिनियर. त्याचं जहाज तिकडच्या तेलाच्या बंदरांत जायचं आणि खलाशांच्या क्लबात टीव्हीवर हाच खेळ लागलेला असायचा. सिंगापुरात एका ओळखीच्यांच्या गणपतीत आरतीनंतर क्रिकेटचा विषय निघाला आणि खोलीत आम्ही दोघंच गप्प बसून मोदक खात राहिलो. त्यावरून ओळख झाली. दोन मराठी माणसांना क्रिकेटमध्ये रस नाही हे इतकं विरळ, की मैत्री व्हायला तेवढं पुरलं.

आम्ही फक्त रिसीव्हरांबद्दल वाद घालतो. रिसीव्हर म्हणजे पुढे पळत जाऊन लांबून आलेला चेंडू झेलणारा. झेल घेताना त्याचं लक्ष वर असतं, आणि त्याच क्षणी कोणीतरी धिप्पाड माणूस येऊन त्याच्यावर आदळणार, हे त्याला माहीत असतं. तरी हात आखडते घ्यायचे नाहीत, हे त्याचं काम.

सभेत खेळाडूचं नाव घ्यायचं नाही, हा नियम माझा. नावालाच मतं पडतात, कामाला पडत नाहीत. म्हणून प्रत्येक उमेदवाराला आम्ही आमचं नाव ठेवलं आहे. माझा उमेदवार ‘मुकादम’: कधी डोळे दिपवले नाहीत, पण वर्षानुवर्षं हजेरी लावली, झेल घेतले, घरी गेला. मुलीचा ‘नाचरा’, कारण गुण मिळवला की तो मैदानाच्या कडेला नाचायचा. आणि मित्राचा ‘पाहुणा’. थोडी वर्षं खेळला, पण त्या वर्षांत त्याच्यासारखा कोणी नव्हता. मग एकदा मानेला मार बसला आणि उजव्या हाताची बोटं बधिर झाली. ते त्याने कोणालाही सांगितलं नाही. शेवटचे दोन मोसम तसाच खेळला, सोपे झेल सोडले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि गेला. खरं काय ते निवृत्तीनंतर कळलं.

पाहुण्यावरचा वाद मला तोंडपाठ होता. मी म्हणायचो, कारकीर्द पुरी धरायची, शेवटच्या दोन मोसमांसकट. मित्र म्हणायचा, ते दोन मोसम वजा कर. पण पाहुण्याची बाजू घेतानाही तो त्याला माफ करायचा नाही. “हात बिघडलाय हे कळतं आणि तरी जो सांगत नाही, त्याला मी माझ्या इंजिनरूममध्ये पाय ठेवू देणार नाही,” असं तो दर वर्षी म्हणायचा. “पण आधी केलेलं काम त्याने खोटं होत नाही. त्या कामाला मत द्या.” त्याचं स्वतःचं, त्याच्या बायकोचं म्हणजे वहिनींचं आणि माझ्या बायकोचं मत पाहुण्याला ठरलेलं. मी आणि मुलगी विरुद्ध. तीन विरुद्ध दोन, उमेदवार बाहेर, चला जेवायला.

माझी बायको पाहुण्याला मत का देते, हे मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “तुम्ही सगळे त्याला इतकं बोलता, एकाने तरी बरं बोलावं.” तिला खेळ फारसा कळत नाही, पण सभेत सगळ्यात अवघड प्रश्न तीच विचारते.

त्या शनिवारी मित्र आणि वहिनी बेडोकहून वेळेवर आली. मेट्रोची गाडी बदलावी लागत नाही, पण जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंतचा प्रवास. वहिनींनी अळूवड्या आणल्या होत्या आणि त्यांच्याकडच्या मार्केटातले करी पफ. मित्र जहाजावरून परत येऊन काही आठवडे झाले होते. मार्चमध्ये पुन्हा जायचं होतं, त्याआधी मेडिकल. घरात आल्याआल्या माझ्या बायकोने त्याला चिडवलं, “भाऊजी, टी-शर्ट? तुम्ही तर झोपतानाही इस्त्रीचा शर्ट घालत असाल असं मला वाटायचं.” तो हसला. “वय कमी करतोय, वहिनी,” म्हणाला. त्याची बायको हसली नाही. ती अळूवड्यांचा डबा उघडत होती, उघडतच राहिली.

चहा आला. आमच्याकडे चहा तो ओततो, जहाजावर शिकलेल्या पद्धतीने, उंचावरून, एक थेंब न सांडता. त्या दिवशी त्याने किटली मुलीकडे सरकवली आणि म्हणाला, आता तू शिक. मुलगी खूश झाली, बशीत बराच चहा सांडला.

मुकादमची बाजू मी मांडली. आकडे सगळ्यांना माहीत होते, मुलीने माझ्या आवाजात ते माझ्याआधीच म्हणून दाखवले. दोन मतं, त्यातलं एक माझं. नाचऱ्यालाही दोन. वहिनी म्हणाल्या, नाचायला हरकत नाही, पण चेंडू असा जमिनीवर आपटून कशाला नाचायचं.

मग मित्र उठला. बाजू उभं राहून मांडायची, ही पद्धत त्याचीच. डावा हात टेबलावर, उजवा खिशात. मी पाठीला उशी लावून बसलो, कारण पुढचं सगळं मला येत होतं.

पण तो दुसरंच बोलू लागला. म्हणाला, आजवर मी तुम्हाला दोन मोसम वजा करायला सांगत होतो, ते चुकलं. तेच दोन मोसम मोठे. बोटांत जीव नाही, चेंडू हाताला लागलेला कळत नाही, आणि हा माणूस रोज कपडे चढवून मैदानात उतरतो. कोणाला सांगत नाही, कोणाची कीव मागत नाही. जे काम येतं ते, जमेल तोवर, उभं राहून करतो. चांगल्या हाताने झेल कोणीही घेईल.

मुलगी म्हणाली, “वा काका, धिस इज न्यू!” माझ्या बायकोने मान डोलावली. मी उशी काढून ठेवली. हिशेबात एखादी रक्कम जमेची नावे पडलेली दिसावी, तसं मला झालं. जो माणूस दर वर्षी एकच वाक्य बोलतो, तो नेमकं त्याच्या उलट बोलतो, तेव्हा वाद बदललेला नसतो, काहीतरी दुसरं बदललेलं असतं. काय, ते मला कळलं नव्हतं. वहिनींकडे पाहिलं. त्या नवऱ्याच्या खिशाकडे पाहत होत्या.

प्रत्येक मतदानाआधी एक झेल असतो. बाजू मांडणाऱ्याने खाली जाऊन उमेदवाराच्या वतीने एक झेल घ्यायचा. सुटला तर मतं जात नाहीत, पण चेष्टा वर्षभर चालते. ब्लॉकखालच्या मोकळ्या तळमजल्यावर, व्हॉइड डेकवर, चेंडू खेळायला मनाई आहे, तशी पाटीच आहे, म्हणून आम्ही पलीकडच्या गवतावर जातो. वरून एलआरटीचा, म्हणजे खांबांवरच्या छोट्या रेल्वेचा रूळ जातो, डबा गेला की सावली हलते. मुलगी चेंडू टाकते. तिचा हात चांगला आहे, शाळेत नेटबॉल खेळते. माझा झेल दर वर्षी सुटतो, मघाशीही सुटला होता. मित्राचा कधीच सुटला नव्हता.

मुलीने हळू टाकला. छातीच्या उंचीवर, थेट. त्याचा डावा हात वेळेवर वर आला, उजवा अर्ध्यात राहिला. चेंडू दंडाला लागून पडला.

“काका! लॉलीपॉप होता लाह,” मुलगी इथल्या शाळेतल्या बोलीत म्हणाली.

“ऊन डोळ्यांवर आलं,” तो म्हणाला. ऊन त्याच्या पाठीमागे होतं.

दुसऱ्यांदा टाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने चेंडूच्या पुढे छाती घातली, चेंडू उडाला आणि गवताच्या कडेच्या मोठ्या गटाराकडे घरंगळत गेला. मुलगी हसायची थांबली. वहिनी म्हणाल्या, आपण वर जाऊ, पानं घेऊ, हे दोघं चेंडू आणतील. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला लिफ्टकडे नेलं. मागे वळून पाहिलं नाही.

गटार कोरडं होतं, चेंडू खाली काँक्रीटवर दिसत होता. मी कठड्यावरून उतरलो, चेंडू वर फेकला, परत चढून आलो. तो तिथेच बाकावर बसला होता. त्याने उजवा हात खिशातून काढून मांडीवर ठेवला होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी हलत होती. तो हलवत नव्हता. हात आमच्या दोघांपैकी कोणाचाच नसावा, तसा तो त्याच्याकडे पाहत होता.

मी विचारलं, कधीपासून. म्हणाला, जहाजावर सुरू झालं. आधी वाटलं थकवा, मग वाटलं कॉफी. कॉफी सोडून पाहिली. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. शिडी चढताना कठडा डाव्या हाताने धरतो.

“मेडिकल?”

“मेडिकलमध्ये डोळे, कान, रक्तदाब, रक्त, लघवी बघतात. हात टेबलावर ठेवायला कोणी सांगत नाही. सांगितलं तर मुठीत काहीतरी धरलं की थांबतो.”

“आणि फॉर्मवर काय लिहिणार?”

त्याने हात परत खिशात घातला. मग म्हणाला, “एकच कॉन्ट्रॅक्ट. जहाज नीट सोपवून उतरायचंय मला. मला कोणी उतरवलेलं नको.”

मी त्याच्या इंजिनरूमबद्दल विचारलं. खाली त्याच्या हाताखाली किती माणसं असतात, तो काय काय हाताने करतो. ते मला माहीत होतं, त्यानेच कितीदा सांगितलं होतं: तापलेले पाइप, हलत्या जहाजावर उभ्या शिड्या, आणि एखादा व्हॉल्व्ह असा की तो चीफनेच स्वतः बंद करायचा, कारण चुकला तर खालची पोरं भाजतात. मी विचारलं ते त्याने पुन्हा स्वतःच्या तोंडाने म्हणावं म्हणून. तो माझा डाव ओळखून म्हणाला, “तू तुझे आकडे वर जाऊन मांड. हिला काही बोलू नकोस. तुला दाखवलं ते तू चेहरा पाडणार नाहीस म्हणून.”

मी चेंडू पुसला. वर गेलो. लिफ्टमध्ये शेजारच्या आजी भाजीची चाकांची पिशवी घेऊन होत्या, त्यामुळे बोलणं झालं नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

टेबलावर पानं घेतलेली होती, पण नियम मतदान आधी, जेवण नंतर. मत तोंडाने द्यायचं, कारणासकट, सगळ्यांसमोर. बाजू मांडणाऱ्याचं मत धरलेलंच असतं. मग धाकट्यापासून सुरुवात.

मुलगी म्हणाली, “येस.” दर वर्षी ती नाही म्हणते. कारण विचारलं तर म्हणाली, चांगली वर्षं कमी असली तरी ती कोणाकडे नव्हती, दॅट काउंट्स. खरं कारण ते नव्हतं. ती काकाकडे न पाहता बोलत होती. माझ्या बायकोने नेहमीप्रमाणे हो म्हटलं. तीन झाली. वहिनींचं मत म्हणजे चौथं, आणि ते ठरलेलं. मुलीने डबा काकाकडे सरकवायला हात पुढेही केला.

“माझं नाही,” वहिनी म्हणाल्या.

मुलीचा हात डब्यावरच राहिला. मित्राने हसून बघितलं. “अहो बाई, नवऱ्याच्या विरुद्ध?”

“घरी कोणाला सांगून खेळला असता, तर हो म्हटलं असतं मी. बायको होती ना त्याला?” त्या माझ्याकडे वळल्या. “होती ना, भाऊजी? तुम्हाला सगळं माहीत असतं.”

“होती,” मी म्हणालो.

“मग तिला काय वाटलं असेल? रोज बटणं लावताना बघत असेल. विचारू की नको, विचारू की नको. दोन वर्षं.”

“सांगितलं की बाहेर बसवतात,” मित्र म्हणाला. तो आता हसत नव्हता.

“बसवू देत. बाहेर बसलेला माणूस संध्याकाळी घरी तरी येतो.”

माझी बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि तशीच परत आली, हातात काहीच न घेता. तिलाही कळलं होतं. मुलगी डब्याचं झाकण लावत आणि काढत होती. मी तिला थांब म्हणालो नाही.

माझं मत राहिलं होतं. दर वर्षी माझ्या मताने काही फरक पडत नव्हता, आता त्यावरच सगळं होतं. हो म्हटलं तर पाहुणा आत, आणि मित्राच्या आजच्या बोलण्यावर माझी सही. नाही म्हटलं तर नेहमीसारखं जेवायला जायचं, आणि मार्चमध्ये तो जहाजावर. मित्र माझ्याकडे बघत होता. त्याला मत हवं होतं, हे इतकं उघड मी त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. तो खेळाडू त्याला काय, किंवा मला काय. तो माणूस हयात आहे, आमच्या हॉलची त्याला खबरही नाही.

मी म्हणालो, “मत देण्याआधी एक विचारतो. तू दर वर्षी एक बाजू मांडतोस, या वर्षी दुसरी मांडलीस. दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत. मी कुठल्या बाजूला मत द्यायचं? कोण न सांगता काम करत असेल तर त्याला इंजिनरूममध्ये घ्यायचं की नाही?”

“तू वकील कधी झालास?”

“उत्तर दे, मग मत देतो.”

त्याचा उजवा हात टेबलाखाली होता. खिडकीबाहेरून एलआरटी गेली. वहिनींनी खुर्ची जवळ ओढली आणि टेबलाखाली हात नेला. त्यांनी काय केलं ते आम्हाला दिसलं नाही, पण त्याचा खांदा खाली आला.

“नाही घ्यायचं,” तो म्हणाला. “मी नसता घेतला.”

“मग माझं हो,” मी म्हणालो. “आधीच्या वर्षांना. शेवटची दोन वजा.”

चार मतं. आमच्या हॉलमध्ये पहिला माणूस गेला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलीने डबा काकापुढे ठेवला, त्याने तो तसाच पुढे वहिनींकडे ढकलला आणि म्हणाला, “तुला कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्या टी-शर्टापासून,” त्या म्हणाल्या.

नंतर आम्ही जेवलो. अळूवड्या गार झाल्या होत्या. तो डाव्या हाताने जेवला, आता लपवायचं काही नव्हतं, पण फारसं जेवला नाही. निघताना दारात माझ्याशी बोलला नाही. बूट घालताना वहिनी नाडी बांधायला वाकल्या, तेव्हा त्याने पाय मागे घेतला, स्वतः वाकला, आणि बराच वेळ लागला. आम्ही तिघं दारात उभे होतो. कुठे बघावं ते कोणालाच कळेना.

अंतिम सामना आपल्याकडे सोमवारी सकाळी दिसतो. दर वर्षी आम्ही दोघं सुट्टी टाकून बघतो. त्या सोमवारी तो आला नाही, फोनही उचलला नाही. मी एकट्याने पाहिला, उत्तरार्धात बंद केला. मी केलं ते बरोबर होतं का, हे मी तेव्हापासून अनेकदा ताडून पाहिलं आहे. आकडे प्रत्येक वेळी जुळतात. तरी पाय मागे घेतलेला आठवला की जुळलेलं पुन्हा पाहावंसं वाटतं. चार लोकांसमोर एखाद्याला त्याचंच वाक्य म्हणायला लावणं आणि त्याला उतरवणं, यात फरक किती, ते मला सांगता येत नाही.

पुढचं वहिनींनी फोनवर सांगितलं. त्याने मेडिकलची वेळ रद्द केली आणि कंपनीला स्वतः फोन करून कारण सांगितलं. कंपनी चांगली वागली, त्याच्या जागी दुसरा चीफ पाठवला. फोन ठेवल्यावर तो दिवसभर बाल्कनीत बसून समुद्राच्या दिशेला बघत होता. त्यांच्या बाल्कनीतून समुद्र दिसत नाही, समोरचा ब्लॉक दिसतो.

डॉक्टरांनी त्याला खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगितलं, बोटं उघडमीट करायला सांगितली आणि कंपवात हा शब्द इंग्रजीतून उच्चारला. बहुधा, असंही म्हणाले. गोळ्या दिल्या, पुन्हा बोलावलं. परतताना गाडीत तो वहिनींना म्हणाला, “त्याला सांग, पाहुणा आत गेला तो शेवटची दोन वर्षं धरूनच गेला. मी वजा केलेली नाहीत.” वहिनींनी मला ते शब्दन् शब्द सांगितलं. मी म्हणालो, धरू दे.

डब्यातले शंभर डॉलर त्या जेवणात गेले नाहीत. दहाच्या दहा नोटा वहिनींनी तशाच पर्समध्ये ठेवल्या होत्या. पहिल्या भेटीची फी एकशे साठ झाली. काउंटरवरच्या मुलीने कार्ड आहे का विचारलं, वहिनींनी नोटा मोजून दिल्या. शंभर डब्यातले, साठ त्यांच्याजवळचे, तोआ पायोह भागातल्या त्या डॉक्टरांच्या क्लिनिकला.